थंडी वाजतेय... गाडीला!

जानेवारी उजाडला की पुण्या-मुंबईच्या ऑफिसांमध्ये एक फोटो हमखास फिरतो. वेण्णा लेकच्या काठावरचं गवत पांढरंशुभ्र झालेलं, एखाद्या गाडीच्या टपावर बर्फाची साय, आणि खाली एक ओळ : 'आपलं मिनी काश्मीर!' फोटो बघितला की प्लॅन शिजायला वेळ लागत नाही. शुक्रवारी ऑफिस सुटलं की निघायचं, रविवारी रात्री परत. गाडी कुणाची, पेट्रोल कुणाचं, गाणी कुणाची, सगळं जेवणाच्या सुट्टीत ठरतं. एकच प्रश्न कुणी विचारत नाही. ज्या गाडीच्या टपावर तो बर्फ दिसतोय, ती सकाळी सुरू झाली का हो?

महाबळेश्वरवर लिहिणारे स्ट्रॉबेरी, पॉइंट्स आणि मक्याची भजी यांच्यापलीकडे फारसे जात नाहीत. पण तुमच्यापैकी किती तरी जणांकडे आईबाबांची जुनी गाडी असेल. हप्ते फिटलेली, थोडी पोचे पडलेली, घरातल्या माणसासारखी. अशा गाडीला घेऊन ऐन थंडीत घाट चढायचा असेल, तर हा लेख तुमच्यासाठी.

घरात दोन पार्ट्या

आमची गाडी २००९ सालची. पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक, बाबांच्या आयुष्यातली पहिली आणि आजवरची एकुलती एक. मार्च २०२४ मध्ये तिला १५ वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे आरटीओत फिटनेसची तपासणी, नोंदणीचं नूतनीकरण, वर पर्यावरण कर. १ एप्रिल २०२२ पासून हे नूतनीकरणाचं शुल्कच ६०० रुपयांवरून ५,००० वर गेलेलं. त्यामुळे घरात सरळ दोन पार्ट्या पडल्या होत्या. दादाचं म्हणणं, "काढून टाका. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, कशाला जीव धोक्यात घालायचा?" बाबा वाद घालत नव्हते. फक्त दर रविवारी सकाळी नेहमीपेक्षा जास्त वेळ गाडी पुसत बसायचे.

मी मध्येच लटकलेली. गाडी चालवते मीच. हिंजवडीच्या रोजच्या जॅममध्ये तिची साथ मलाच. तेव्हा ठरवलं, जानेवारीतला महाबळेश्वरचा वीकएण्ड हीच तिची परीक्षा. पास झाली तर राहील. नाही तर मार्चच्या आधी दादा गिऱ्हाईक शोधायला मोकळा!

पसरणीचा घाट, रात्री साडेदहा

आम्ही चौघं निघालो. मी, माझ्या टीममधला एक टेस्टर, एक डिझायनर आणि आमची एचआरवाली मैत्रीण. हिंजवडी सोडायला सात वाजले. नवले पुलावर पाऊण तास गेला (तिथे कुणाचा जात नाही?), शिरवळला चहा, मग खंबाटकी, सुरूर फाट्याला उजवीकडे वळून वाई. तिथपर्यंत गाडी एकदम झकास.

वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी साधारण १,३००. हा सगळा चढ पसरणीच्या घाटात एकदम अंगावर येतो. उंचीबरोबर दोन गोष्टी बदलतात. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा डिग्रींनी उतरतं, आणि हवा विरळ होते. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर. तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा अंदाजे १२-१३ टक्क्यांनी विरळ असते. इंजिनचा दम तेवढ्याच हिशेबाने कमी होतो. नव्या गाडीला हे जाणवत नाही. जुनीला जाणवतं.

एका हेअरपिनवर वरून एसटी उतरत होती. मी गाडी हळू केली, क्लच दाबला, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. रेस खाली आली... आणि येतच राहिली. इंजिन बंद! डॅशबोर्डवर सगळे लाल दिवे. ब्रेक एकदा लागला. दुसऱ्यांदा दाबला तर पेडल दगड झालेलं.

हे का होतं, ते प्रत्येक गाडीवाल्याला माहीत हवं. आपल्या पायात गाडी थांबवण्याएवढी ताकद नसते. ब्रेकला मदत मिळते ती इंजिनच्या ओढीतून तयार होणाऱ्या व्हॅक्यूमची. इंजिन बंद पडलं की साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन वेळा ब्रेक हलका लागतो. त्यानंतर लागतो, पण सगळा जोर आपला. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. मी हॅण्डब्रेक ओढला, पायाने ब्रेक जीव खाऊन दाबून धरला, गाडी परत सुरू केली आणि पहिल्या गिअरमध्ये निघालो. मागे एक जीप होती. तिचा ड्रायव्हर भला माणूस, त्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. गाणी कुणीतरी बंद करून टाकली होती.

बर्फ पडतो कुठे?

मुक्काम वेण्णा लेकजवळ. सकाळी साडेसहाला बाहेर आलो तर तो फोटो आमच्यासमोर साक्षात उभा! गवत पांढरं, कुंपणाच्या तारा पांढऱ्या, गाडीच्या काचेवर खरवडून काढावा असा थर. हा बर्फ 'पडत' नाही, बरं का. महाबळेश्वरला काही हिमवर्षाव होत नाही. गोठतात ते दवबिंदू.

गंमत अशी की बाजारपेठेत तेव्हा साधी थंडी असते. वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या परिसरातच हे हिमकण दिसतात. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते. थंड झालेली हवा जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून सखल भागात जमा होते. वारा नसला की तिथेच बसून राहते. शिवाय हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पेटीच्या सावलीत असतो. गवताची पाती त्याच्यापेक्षा कित्येक डिग्रींनी जास्त गारठलेली असतात. म्हणून बातमीत तापमान पाच-सहा डिग्री आणि फोटोत बर्फ, हे दोन्ही खरं असू शकतं.

आणि आपली गाडी कुठे उभी असते? त्याच सखल, ओल्या, गोठलेल्या हवेत. रात्रभर.

बाबांचे तीन प्रश्न

चावी फिरवली. इंजिन लागलं, रेस जराशी चढली, धापा टाकत खाली आली, बंद. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबायला गेले तर पेडल आधी हलेना, मग एकदम सुटलं आणि इंजिन ओरडलं. आसपासच्या खोल्यांचे पडदे हलले!

बाबांना फोन लावला. ते उठलेले होतेच.

"अगं, घाबरू नकोस. आधी तीन गोष्टी सांग. सेल्फ जोरात फिरतोय का?"

"हो बाबा, एकदम."

"म्हणजे बॅटरी ठीक आहे. आता पायाने रेस धरून ठेवलीस तर चालू राहते का?"

राहत होती. मी पंधराशेच्या आसपास धरून ठेवली, तर कुरकुरत का होईना, चालली. पाय काढला की मान टाकायची.

"मग पेट्रोल येतंय आणि स्पार्कही येतोय. आता पेडल कसं जातंय, मऊ की अडकून?"

"सुरुवातीला अडकतं. मग एकदम सुटतं."

फोनवर जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "थ्रॉटलकडे बघायला सांग कुणाला तरी. आणि तोपर्यंत घाटात नेऊ नकोस. तुम्ही चौघं आहात गाडीत."

शेवटचं वाक्य त्यांनी अगदी हळू म्हटलं. गाडीपेक्षा आम्ही महत्त्वाचे, हे सांगायला त्यांना किती जड गेलं असेल, ते मला कळत होतं.

आपण पेट्रोल देत नाही, हवा देतो!

आता थोडं समजून घेऊ. घाबरू नका, इंजिनीअरिंगचा पेपर नाही.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आपण म्हणतो 'पेट्रोल दिलं'. खरं तर आपण हवा देतो. इंजिनच्या तोंडाशी एक गोल नळी असते आणि तिच्यात नाण्यासारखी एक चकती. पेडलची केबल ती चकती फिरवते. चकती उघडली की हवा आत, आणि ती हवा मोजून गाडीचा कॉम्प्युटर हिशेबाने पेट्रोल सोडतो. ही नळी आणि चकती मिळून झाली थ्रॉटल बॉडी.

पाय काढल्यावर चकती जवळजवळ मिटते. मग इंजिन श्वास कुठून घेतं? चकतीच्या कडेच्या बारीक फटीतून, आणि शेजारच्या एका छोट्या वाटेने. त्या वाटेवर एक झडप असते, आयडल व्हॉल्व्ह. इंजिन थंड असलं की तेल घट्ट असतं, पेट्रोलची नीट वाफ होत नाही, त्यामुळे पेट्रोल जास्त लागतं आणि हवाही. कूलंटमधला सेन्सर सांगतो, 'थंडी आहे', आणि कॉम्प्युटर झडप जास्त उघडतो. म्हणून सकाळी गाडी सुरू केल्यावर रेस बाराशे-पंधराशेला असते आणि हळूहळू साडेआठशेवर येते.

आता या बारीक फटीत वर्षानुवर्षं काजळी साचली तर? इंजिनमधल्या तेलाची वाफ ब्रीदर पाइपमधून परत याच नळीत येते. तीत धूळ मिसळते आणि चकतीच्या कडेला चिकट काळं कडं तयार होतं. पुण्यात हिवाळ्यातल्या बारा-चौदा डिग्रीच्या सकाळी उरलेली फट कशीबशी पुरते. पाच डिग्रीला पुरत नाही. वर ते चिकट कडं थंडीत कडक होतं आणि मिटलेली चकती धरून ठेवतं. म्हणजे आमच्या दोन्ही तक्रारी, बंद पडणं आणि पेडल अडकणं, एकाच जागी येऊन मिळत होत्या.

पण हा झाला अंदाज. याच लक्षणांना सेन्सर कारणीभूत असू शकतो, केबल असू शकते, आयडल व्हॉल्व्ह असू शकतो. पुण्यात जिथे सर्व्हिसिंग करतो, तिथे फोन केला तर गाडी न बघताच उत्तर आलं, "अख्खी थ्रॉटल बॉडी बदलावी लागेल मॅडम, साडेअकरा हजार." दादाच्या पार्टीला आणखी एक मत!

'गरम गाडी खोटं बोलती'

हॉटेलच्या वॉचमनने एका मेस्त्रींचा नंबर दिला. पन्नाशीचे असतील. मोटारसायकलवरून आले, डोक्याला मफलर, हातात पिशवी. तोपर्यंत आम्ही पंधरा मिनिटं इंजिन चालवलं होतं आणि गाडी शहाण्यासारखी चालत होती. थोडी थरथर, बाकी काही नाही.

त्यांनी बोनेटसुद्धा उघडलं नाही. "ताई, गरम गाडी खोटं बोलती बगा. आता सगळं बरोबरच दिसणार. रातभर उभी ऱ्हाऊ द्या. दुपारनंतर सेल्फ मारू नका. उद्या सकाळी पावणेसातला येतो."

"आणि आज आम्ही फिरायचं कसं?"

"टॅक्सी हाय की!"

माझं या माणसाबद्दलचं मत तिथेच चांगलं झालं. पैसे मिळवायचे असते तर त्यांनी लगेच चार पार्ट खोलले असते.

शनिवार, गाडीविना

एक सांगू? महाबळेश्वर टॅक्सीतून जास्त छान दिसतं. स्वतः चालवताना रस्ता दिसतो, मागे बसल्यावर दऱ्या. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांची धार एकाच गोमुखातून पडते. उन्हात पायऱ्यांवर बसून तो आवाज ऐकला. आर्थर सीटला वाऱ्याने बोलणं अशक्य. विल्सन पॉइंट, १,४३९ मीटर, इथला सगळ्यात उंच माथा. टेस्टर मित्राने तिथेही मोबाइल काढून तापमान बघितलं. धंदा सुटत नाही!

एका स्ट्रॉबेरीच्या शेतात थांबलो. काळ्या प्लॅस्टिकवर लाल फळांच्या ओळी. शेतकरी काकांना विचारलं, हिमकणांनी नुकसान होत नाही का? म्हणाले, "होतं की. पान करपतं, फूल काळं पडतं. पहाटे पाणी सोडायचं, ओल्या जमिनीत ऊब टिकती." पर्यटकांना जो बर्फ सेल्फीसाठी हवा असतो, त्याच्याशी ही माणसं रात्र रात्र जागून झगडतात. त्या फोटोखाली ही ओळ कुणी लिहीत नाही.

रविवार, सहा डिग्री

पावणेसातला मेस्त्री हजर. आता बघा, नीट निदान कसं करतात.

पहिलं काम, स्कॅनर. इंजिन सुरू न करता फक्त चावी 'ऑन'. स्कॅनरने कूलंटचं तापमान दाखवलं, ६ डिग्री. रात्रभर उभ्या गाडीचं कूलंट आणि बाहेरची हवा यांचं तापमान जवळपास सारखंच असायला हवं. "इथं चाळीस-पन्नास दाखवलं असतं तर सेन्सर खोटा. मग कॉम्प्युटरला वाटलं असतं गाडी गरम हाय, पेट्रोल कमी सोडलं असतं." सेन्सर सुटला.

दुसरं, केबल. त्यांनी थ्रॉटल बॉडीजवळ केबलचं टोक लिव्हरमधून काढलं आणि मला पेडल दाबायला सांगितलं. केबल लोण्यासारखी सरकत होती. तार कुठे तुटलेली नाही, आवरणाला चीर नाही. केबलही सुटली.

तिसरं, लिव्हर. केबल काढलेलीच होती. बोटाने हळूच फिरवला. आधी अडला, मग 'टक्' करून सुटला. "घावला!"

चौथं, खात्री. केबल परत अडकवली, एकदा सुरू करून बघितली. लागली, धापा टाकल्या, बंद. मग एअर फिल्टरकडून येणारा जाड पाइप काढून त्यांनी टॉर्च मारला. चकतीभोवती काळं, चकचकीत, डांबरासारखं कडं. आमच्या एचआरवालीने त्याचा फोटो काढला. तो अजून आमच्या ग्रुपचा डीपी आहे.

मग सफाई. बॅटरीची निगेटिव्ह काढली. फवारा थेट नळीत न मारता कापडावर मारायचा, कडं पुसायचं, कोपऱ्यात जुना टूथब्रश. पत्र्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचं नाही, चकतीची कड बिघडते. आयडल व्हॉल्व्ह दोन स्क्रू काढून बाहेर घेतला, त्याचं टोक आणि वाट साफ केली. पाऊण तास गेला. परत जोडल्यावर एसी, दिवे, टेप सगळं बंद ठेवून, अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, चावी फिरवायची. कॉम्प्युटर हवेचा हिशेब नव्याने शिकतो.

लागली. चौदाशे. तिथेच स्थिर राहिली आणि मग हळूहळू, शहाण्या मुलीसारखी, साडेआठशेवर आली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. इंजिन तापल्यावर मेस्त्रींनी थ्रॉटल बॉडीखालचे दोन बारीक रबरी पाइप हाताने चाचपले, दोन्ही गरम. अनेक गाड्यांत गरम कूलंट इथून फिरवलेलं असतं, ते दमट थंडीत चकतीवर बर्फ धरू नये म्हणून. पाइप गळतो म्हणून कुणीकुणी ही वाटच बंद करून टाकतात. सपाटीवर चालून जातं, इथे नाही.

सातशे रुपये.

चोकच्या जमान्यात

चहा पिता पिता मेस्त्री जुन्या काळात शिरले. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरच्या काळात इथल्या सकाळी कशा असायच्या? तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, चोक होता. दांडी ओढायची, हवा कमी, पेट्रोल जास्त, गाडी सुरू. चोक परत ढकलायचं राहिलं की घाटभर काळा धूर! कार्बोरेटरची आणखी एक खोड : पेट्रोलची वाफ होताना ते आसपासची उष्णता शोषून घेतं. त्यामुळे बाहेर सात-आठ डिग्री असली आणि हवा दमट असली, तरी आत शून्याखाली जाऊन बर्फ धरायचा. गाडी गुदमरायची. दहा मिनिटं थांबलं की इंजिनच्या उबेने बर्फ वितळायचा आणि गाडी आपोआप बरी. मेस्त्रीला दाखवायला जावं तर दोष गायब!

२००० साली देशभर उत्सर्जनाचे नवे नियम आले आणि नव्या मोटारींतून कार्बोरेटर हळूहळू हद्दपार झाला. चोक गेला, पण थंडी तीच आहे. आता तिच्याशी कॉम्प्युटर भांडतो, इतकंच.

मग, विकली?

दुपारी पसरणी उतरलो, दुसऱ्या गिअरमध्ये, निवांत. प्रत्येक वळणावर मी मुद्दाम पाय काढून बघत होते. रेस साडेआठशेखाली गेली नाही. वाईहून मेणवलीला गेलो, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर. तिथली मोठी घंटा १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून आलेली, असं सांगतात. पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, अजून घणघणते.

मार्च २०२४ मध्ये गाडी फिटनेसला पास झाली. नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी मिळाली. पण दादा हरला असं समजू नका. त्याचं म्हणणं खोटं नव्हतंच. एबीएस नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, आमच्या गाडीत ते नाही आणि थ्रॉटल साफ केल्याने ते येणारही नाही. म्हणून घरात नियम ठरला : गाडी राहील, पण रात्रीचा घाट आणि रात्रीचा हायवे बंद. बाबांनी मान डोलावली. दादाने फिटनेसच्या आधी नवे टायर घालून दिले, स्वतःच्या पैशाने. पार्ट्या बरखास्त!

थंडीत जुनी गाडी नेताय? एवढं बघाच

- जाण्याआधी आठवडाभर सकाळच्या पहिल्या स्टार्टकडे लक्ष द्या. रेस चढून हळूहळू खाली यायला हवी. सिग्नलला पाय काढल्यावर गाडी थरथरत असेल, तर घाटाच्या आधी थ्रॉटल दाखवा.
- तक्रार थंडीतली असेल तर गाडी रात्रभर मेस्त्रीकडे ठेवा आणि सकाळी त्याच्यासमोर सुरू करा.
- आधी तपासणी, मग पार्ट. सेन्सर, केबल, चकती, व्हॉल्व्ह, या क्रमाने एकेक बाद करा.
- नव्या गाड्यांत केबल नसते, मोटर असते. ती चकती बोटाने ढकलू नका. ते काम जाणकाराचंच.
- पायाखालचं मॅट बघा. जाड मॅट पेडलवर चढलं तर चांगला थ्रॉटलही अडकतो.
- रेस वरच अडकली तर क्लच दाबा, न्यूट्रल करा, ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा, गाडी कडेला घ्या, मग इंजिन बंद. चालत्या गाडीत चावी पार फिरवून काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं.
- घाटात इंजिन बंद पडलं तर ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करू नका. उरलेला व्हॅक्यूम संपतो. एकदाच दाबून धरा, हॅण्डब्रेक ओढा, मग सुरू करा.
- उतारावर न्यूट्रल कधीच नाही. वाचलेल्या पेट्रोलचे पैसे एका प्लेट स्ट्रॉबेरी क्रीमएवढेही होत नाहीत!